मामाजींसोबत श्रीलंकेच्या तलावांच्या मुलखात

मुख्य गोष्ट पहिलेच सांगून टाकते. श्रीलंकेला थोड्या दिवसांसाठी जायचं असेल आणि तुमचं घर धानाच्या मुलखातलं असेल, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, तर कोलंबोत मुक्काम ठेवू नका. विमानतळावरून सरळ उत्तरेला निघा. तिकडं अनुराधापुर, पोलोन्नारुवा हा जुन्या राजधान्यांचा भाग आहे आणि तो सगळा तलावांवर जगणारा मुलूख आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचे तलाव, आणि त्यातले कितीतरी आजही धान पिकवून राहिले.

आम्ही तिघं गेलो, मी, नवरा आणि मामाजी म्हणजे माझे सासरे. मामाजींना कित्येक वर्षांपासून अनुराधापुरचा बोधिवृक्ष पाहायचा होता. नागपूरला दीक्षाभूमीवर जो बोधिवृक्ष आहे तो भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधापुरहून आणलेल्या रोपांचा, आणि मामाजी दर दसऱ्याला तिथं जातात, तर मूळ झाड एकदा डोळ्यानं पाहायचं एवढीच त्यांची इच्छा. तलावाचं आमच्या डोक्यातही नव्हतं. पण मी घरी मोबाइलवर तिकडचा नकाशा मोठा करून पाहत होते तर निळे ठिपकेच ठिपके, लहान, मोठे, एकाखाली एक. मामाजींनी चष्मा लावून पाहिलं न म्हणाले, "बाई, हा तं आपल्या लाखांदुराकडचा नकाशा होय." लाखांदूर म्हणजे आमच्या भंडारा जिल्ह्यातला तलावांचा भाग. तेव्हाच ठरलं की प्रवास या ठिपक्यांच्या हिशेबानं करायचा.

नागपूरला एकदोन टूरवाल्यांकडं विचारलं तर सगळ्यांच्या पॅकेजात कोलंबो, बेंटोटाचा समुद्र, कँडी आणि खरेदी. अनुराधापुर म्हटलं की "तिकडं काही नाही मॅडम, नुसती खंडरं." म्हणून स्वतःच केलं. नागपूर-चेन्नई-कोलंबो विमान, चेन्नईहून तर दीड तासही लागत नाही. निघायच्या आधी ऑनलाइन प्रवासपरवाना काढावा लागते, त्याचे नियम आणि फी बदलत राहते त्यामुळं सरकारी वेबसाइटवरच पाहा, मधल्या साइटा जास्तीचे पैसे घेतात. घड्याळ बदलायचं काम नाही, वेळ आपलीच. आपल्या एका रुपयाचे तिथले साडेतीनच्या आसपास होतात. आम्ही जानेवारीच्या शेवटी गेलो, धान विकून झालं होतं आणि तलावात पाणी कमी म्हणून यंदा उन्हाळी धान लावायचं नव्हतं.

पहिला दिवस: नेगोंबो

हे फार कमी लोकांना माहीत असते की कोलंबोचं विमानतळ कोलंबोत नाहीच, ते उत्तरेला कटुनायके इथं आहे आणि तिथून नेगोंबो गाव अगदी जवळ. दुपारी उतरलो, सिम घेतलं, थोडे पैसे बदलले आणि नेगोंबोतच रात्र काढली. समुद्रकाठी वाळूवर मासळी वाळत टाकलेली होती, लांबच लांब रांगा. रात्री आप्पा खाल्ले, तांदळाच्या पिठाचे, वाटीसारखे खोलगट, कडा कुरकुरीत आणि मधोमध मऊ. एकात अंडं फोडून देतात. मामाजींना फार आवडले.

दुसरा दिवस: अनुराधापुर आणि बोधिवृक्ष

सकाळी गाडी करून निघालो, चार-साडेचार तास लागले. पहिले दोन तास नारळाच्या बागाच बागा, मग हळूहळू नारळ विरळ होत गेला, झुडपी जंगल आलं, हवा कोरडी झाली आणि रस्त्याच्या कडेला पहिला तलाव दिसला. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोठमोठी झाडं, खाली हिरवंगार धान. आपल्याकडं या दिवसांत बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, लाखोळी नाहीतर हरभरा असते, धान उभं दिसत नाही. तिकडं मोठा हंगाम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतचा, त्याला महा म्हणतात, ईशान्येच्या पावसावर चालतो. दुसऱ्या हंगामाचं नाव 'याला', तो मे ते ऑगस्ट. म्हणून जानेवारीत गेलं की धान लोंबीवर आलेलं पाहायला भेटते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कापणी.

दुपारी पांढरे कपडे घालून श्री महाबोधीकडं गेलो. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिनं बोधगयेच्या वृक्षाची फांदी इथं आणली, इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात, आणि तेव्हापासून हे झाड राखलेलं आहे. माणसानं लावलेलं आणि लावल्याचा काळ माहीत असलेलं हे जगातलं सगळ्यात जुनं झाड मानतात. झाड उंच ओट्यावर आहे, सोनेरी कठडा आहे आणि वाकलेल्या फांद्यांना सोनेरी टेकू दिलेत. खाली सगळीकडं पांढऱ्या कपड्यातली माणसं बसलेली, कोणी कमळं घेऊन, कोणी पाण्याचे गडवे घेऊन, बाया हळू आवाजात म्हणून राहिल्या. म्हणणं पालीतलं. मामाजी बसले आणि त्यांच्यासोबत "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणायला लागले, तर शेजारची म्हातारी एकदम थांबून त्यांच्याकडं पाहायला लागली, मग हसली आणि आपल्या हातातल्या कमळांतलं एक त्यांना दिलं. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं एक वाक्य येत नव्हतं. मामाजींनी ते फूल वाहिलं आणि पुष्कळ वेळ बसले. आम्ही त्यांना उठा म्हटलं नाही.

तेवढ्यात पाऊस आला. जानेवारीच्या शेवटी पाऊस येईल असं वाटलं नव्हतं, पण ईशान्येचा मोसम कधी कधी लांबते म्हणे. सगळे मंडपात सरकले, कोणी गडबड केली नाही.

कपड्यांचं सांगते. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, चप्पल आणि टोपी बाहेर काढावी लागते. पांढरे कपडे सक्तीचे नाहीत पण घातले तर बरं दिसते. दुपारी दगड फार तापतो म्हणून जाड मोजे ठेवा. बुद्धमूर्तीकडं पाठ करून फोटो काढू नका, तिकडं ते अजिबात चालत नाही. पौर्णिमेला, त्याला पोया म्हणतात, सरकारी सुट्टी असते आणि दारू-मांस बंद असते, त्या दिवशी गर्दी असते पण वातावरण पाहण्यासारखं.

तिसरा दिवस: सायकलीवर

अनुराधापुरात सायकली भाड्यानं भेटतात. नवरा आणि मी सायकलीवर, मामाजी तीनचाकीत. रुवनवेलीसाय हा पांढराशुभ्र प्रचंड स्तूप, इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातला, राजा दुट्टगामणीचा. मग जेतवनाराम, हा विटांचा. बांधला तेव्हा १२२ मीटर उंच होता म्हणतात, ९ कोटींच्या वर विटा लागल्या. आमच्याकडं पवनीला जगन्नाथ टेकडीवर उत्खननात स्तूप निघाला, मामाजींनी तो लहानपणापासून पाहिलेला, त्यामुळं विटा पाहून ते वाकले आणि हात लावून पाहत राहिले. तिकीटघरात पासपोर्ट दाखवा, सार्क देशांच्या लोकांना बऱ्याच जुन्या ठिकाणी तिकीट कमी पडते आणि हे तिथला माणूस दरवेळी स्वतःहून सांगेलच असं नाही.

पण या दिवसातला खरा वेळ गेला तो तिस्सा वेवाच्या पाळीवर. वेवा म्हणजे तलाव. हा राजा देवानांपिय तिस्सानं बांधलेला, म्हणजे बोधिवृक्ष लागला त्याच काळातला. दोन हजार वर्षं उलटून गेली आणि पोट्टे त्यात पोहून राहिले, बाया कपडे धुवून राहिल्या. पाळीवर डांबरी नाही, साधी पायवाट, दोन्हीकडं मोठी झाडं. मामाजी पाळीवरून चालत निघाले ते थांबेचनात. पाळीचा दगडी उतार पाहिला, पाणी सोडायचं तोंड पाहिलं. आमच्याकडं त्याला तुडुम म्हणतात आणि जास्तीचं पाणी निघून जायला सलंग असते, इथंही तसंच. एक जागा मात्र त्यांना नवी होती. पाळीच्या आत चौकोनी विहिरीसारखं दगडी बांधकाम असते, बिसोकोटुवा नाव. तलाव मोठा असला की तळाशी पाण्याचा दाब एवढा राहते की साधं तोंड फुटून जाईल, म्हणून पाणी पहिले या विहिरीत येते, जोर कमी होते आणि मग पाटाला लागते. मामाजी म्हणाले, "ज्यानं हे डोकं लावलं त्याचं नाव कोनाले माहीत नाही न? राजाचंच नाव राहते."

रात्री गेस्टहाउसवाल्या बाईनं जेवण वाढलं, भात आणि सातआठ वाट्या. मसूर डाळ नारळाच्या दुधात, फणसाची भाजी, तलावातली मासळी आणि कमळकाकडीची भाजी. कमळकाकडी आमच्या तलावात निघते पण अशी नारळाच्या दुधात कधी खाल्ली नव्हती. वरून मातीच्या गाडग्यातलं म्हशीचं घट्ट दही आणि त्यावर कितुल माडाच्या रसाचा पाक. शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, नारळाच्या सांबोलात, म्हणजे चटणीत, बहुतेक वेळा वाळलेली मासळी कुटून घातलेली असते, पहिले विचारा.

चौथा दिवस: कलावेवा, अवुकन आणि एक लहान गाव

हा दिवस पूर्ण प्रवासातला माझा सगळ्यात आवडता. एक तीनचाकीवाला ठरवला, इंग्रजी बरं बोलायचा आणि घरचाच शेतकरी होता, म्हणून जे विचारायचं ते सगळं विचारता आलं.

कलावेवा पाचव्या शतकातल्या धातुसेन राजाचा. समोर पाहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही. इथून निघणारा कालवा, जया गंगा, ८७ किलोमीटर वळणं घेत अनुराधापुरच्या तिस्सा वेवापर्यंत पाणी नेतो, म्हणजे काल ज्या पाळीवर बसलो होतो तिथलं पाणी इथून जाते. त्याच्या पहिल्या टप्प्यात मैलाला फक्त सहा इंच उतार आहे. मैलाला सहा इंच! ना दुर्बीण ना लेव्हल मशीन. आमच्या गावात पाटाचं काम झालं तेव्हा शेवटच्या भागात पाणी उलटं यायला लागलं होतं, त्यामुळं ही गोष्ट ऐकून मी अक्षरशः उभी राहिले. जवळच अवुकनला खडकात कोरलेली उभी बुद्धमूर्ती आहे, साधारण १२ मीटर, पाठीकडून अजूनही खडकाला जोडलेली. सकाळच्या उन्हात पाहा, चेहरा पूर्वेकडं आहे.

मग तीनचाकीवाल्याच्या ओळखीच्या एका लहान गावात गेलो. तलाव आमच्या गावच्या तलावाएवढाच, पण स्वच्छ. वरच्या अंगाला, जिथून पाणी येते, तिथं झाडांचा पट्टा राखलेला, त्याच्या मागं गवताचा पट्टा, म्हणजे गाळ तिथंच अडकते. त्याच्याही वर एक लहानसं डबकं, ते शेतीसाठी नाहीच, जनावरांसाठी आणि गाळ थांबायसाठी. पाळीच्या खाली, शेत सुरू व्हायच्या आधी, पुन्हा झाडोरा, तो खारवट पाणी शोषते. असे तलाव एकाखाली एक साखळीनं असतात, वरच्याचं वापरून झालेलं पाणी खालच्यात उतरते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं या पद्धतीला शेतीचा जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे. आमच्या तलावात वरून येणाऱ्या नाल्यावर अतिक्रमण झालं, काठानं बेशरमाची झुडपं माजली, आणि दरवर्षी गाद म्हणजे गाळ काढायचा नुसता ठराव होते. मी हे सगळं मोबाइलवर टिपत गेले.

पाळीवर एक शेतकरी भेटला, साठीचा असेल, लुंगी आणि खांद्यावर फावडं. मामाजींनी पहिलाच प्रश्न विचारला, "पानी कवा सोडाचं थे कोन ठरवते?" तीनचाकीवाल्यानं विचारून सांगितलं. हंगामाच्या आधी सगळ्यांची बैठक होते, तिला कन्ना बैठक म्हणतात, सरकारी अधिकारी पण येतो, आणि तिथं पाणी सोडायची तारीख, कोणतं वाण, किती जमीन, हे सगळं ठरते. मग मामाजी म्हणाले, तलाव अर्धाच भरला तर? त्या माणसानं जे सांगितलं ते मामाजींनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. पाणी कमी असलं की त्या हंगामात सगळी जमीन पेरत नाहीत. तलावाला लागून असलेला वरचा तुकडाच घेतात, आणि तो तेवढ्या हंगामापुरता सगळ्या शेतकऱ्यांत ज्याच्या त्याच्या जमिनीच्या हिशोबानं वाटून देतात. जमीन कागदावर कोणाचीही असो. याला बेत्मा म्हणतात, फार जुनी रीत आहे.

"म्हंजे शेवटच्या बांधीवाल्यालेबी तलावापाशी जागा भेटते?"

भेटते, असं उत्तर आलं.

आमची बांधी पाटाच्या टोकाला आहे. ज्या वर्षी ऑक्टोबरात एक पाणी कमी पडते त्या वर्षी तलावाजवळच्यांचं धान भरते आणि आमचं लोंबी टाकून तसंच उभं राहते. मामाजींनी पाणीवाटप संस्थेत वीसेक वर्षं काढली, भांडणं सोडवली, रात्री टॉर्च घेऊन पाटावर फिरले. ते त्या माणसाच्या शेजारी पाळीवर बसले आणि तीनचाकीवाल्याला म्हणाले, याले सांग का माहीबी बांधी शेवटचीच हाय. त्यानं सांगितलं. तो शेतकरी हसला आणि हातानं खाली दूरवर दाखवलं. त्याचीही टोकालाच होती.

त्याच्या घरी कवठाचं सरबत भेटलं, थंड, गूळ घातलेलं. अंगणात धान वाळत होतं आणि आभाळ आलेलं, त्यामुळं घरातल्या बाया ताडपत्री घेऊन तयारच होत्या, मी पण एक टोक धरलं. पिण्याचं पाणी त्यांनी फिल्टरचं दिलं. या भागात किडनीचा आजार फार आहे, कारण नक्की सापडलेलं नाही, म्हणून गावोगावी पाणी शुद्ध करायचे प्लँट बसवलेत. तुम्हीही बाटलीचं किंवा फिल्टरचंच प्या.

शेतात मचाणं होती, उंच झाडांवर. आपल्याकडं रानडुकरांसाठी जागली करतात, तिकडं हत्तींसाठी. २०२१ पासून आमच्या गडचिरोलीत छत्तीसगडकडून हत्ती आले तेव्हापासून तिथल्या लोकांनाही हे नवं दुखणं लागलंय, त्यामुळं मी फार विचारलं. विजेचं कुंपण, फटाके, रात्रभर जागणं, आणि तरीही पीक जाते, कधी माणूसही जातो. तीनचाकीवाला अंधार पडायच्या आत परत निघायचं म्हणून मागंच लागला होता. या भागात संध्याकाळनंतर लहान गाडीनं आडरस्त्यानं प्रवास ठेवू नका.

पाचवा दिवस: सिगिरिया आणि दांबुल्लाचा बाजार

सिगिरिया म्हणजे मोठ्या खडकावरचा जुना किल्ला. तिथं उघडता उघडताच पोचा, नऊनंतर ऊन आणि गर्दी दोन्ही. हजाराच्या वर पायऱ्या आहेत. मामाजी खालच्या बागेतच थांबले, आणि त्यांचं काही चुकलं नाही कारण पाण्याची करामत तिथंच आहे. पाचव्या शतकातली कारंजी, पावसाळ्यात अजूनही उडतात. वर रंगवलेल्या स्त्रियांची चित्रं आहेत, तिथं फोटो बंद. सिंहाच्या दगडी पंज्यांपाशी गांधीलमाशांच्या सूचनेचे बोर्ड आहेत, गप्प चालायचं. माथ्यावर खडकात कोरलेला तलाव आहे, तिथपर्यंतही पाणी साठवलंय.

हा किल्ला बांधणारा कश्यप हा धातुसेनाचाच मुलगा. जुन्या बखरीतली कथा अशी की त्यानं बापाला कैद केलं आणि खजिना कुठं आहे म्हणून विचारलं, तर धातुसेनानं त्याला कलावेवावर नेलं, पाण्यात उतरून ओंजळ भरली आणि म्हणाला, माझा खजिना हा एवढाच. नंतर मुलानं त्याला मारून टाकलं. कालच कलावेवा पाहिलेला, त्यामुळं माथ्यावर ही गोष्ट आठवून मला वाईट वाटलं. जमलं तर या दोन जागा याच क्रमानं पाहा, पहिले कलावेवा आणि मग सिगिरिया. बहुतेक लोक फक्त सिगिरिया करतात आणि बापाची गोष्ट राहून जाते.

दांबुल्लाची लेणी सुंदर आहेत, पाच गुहा, छतभर चित्रं. पण मामाजी आणि नवरा यांना तिथला भाजीपाल्याचा ठोक बाजार जास्त आवडला. ट्रकच्या रांगा, भोपळे, वांगी, मिरच्या, हमालांच्या आरोळ्या. कोणी बाहेरचं म्हणून अडवलं नाही, उलट एका हमालानं मामाजींना केळी दिली. पैसे घेतले नाहीत.

सहावा दिवस: पोलोन्नारुवा

बाराव्या शतकातला पराक्रमबाहू राजा, त्यानं ठरवलं होतं म्हणे की पावसाचा थेंबही माणसाच्या कामी आल्याशिवाय समुद्रात जाऊ द्यायचा नाही. त्याच्या तलावाचं नावच पराक्रम समुद्र. गल विहाराच्या दगडी मूर्ती एकाच खडकात कोरलेल्या, त्यातली पहुडलेली चौदा मीटरची. ऊन फार होतं, दुपारी निघालो, रात्री नेगोंबो, सकाळी विमान.

एखादा दिवस जास्त असेल तर मिहिंतले ठेवा, अनुराधापुरच्या जवळच, १८४० पायऱ्या, अशोकाचा मुलगा महिंद आणि देवानांपिय तिस्सा यांची भेट तिथं झाली असं मानतात. जूनच्या पौर्णिमेला तिथं लाखांनी लोक येतात, तेव्हा जायचं असेल तर खोली फार आधी ठरवा. हत्ती पाहायचे असतील तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिन्नेरियाला जा, पाणी आटलं की तलावाच्या उघड्या गवतावर कळपच्या कळप येतात. म्हातारं माणूस सोबत असेल तर कारचा खर्च करा, आणि ड्रायव्हर शेतकरी घरचा भेटला तर सोडू नका.

मामाजींनी घरी आल्यावर पाणीवाटप संस्थेच्या बैठकीत बेत्म्याची गोष्ट मांडली. टोकाचे सगळे हो म्हणाले. तलावाजवळचे दोघंतिघं म्हणाले, विचार करतो, पण भाऊ, पहिले गाद काढा. पुढची बैठक रोवणीच्या आधी आहे.